रोज धावू द्या आमची गाडी : अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
सिनेट आणि प्रतिनिधीगृह, अमेरिकी काँग्रेस,
वॉशिंग्टन डी.सी.

सप्रेम नमस्कार.

मी हिंटनहून लिहिते आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिणेला, ॲपलाचियन डोंगरांत, न्यू नदीच्या काठावर हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत आम्ही तेवीसशेसुद्धा भरलो नाही. माझे यजमान डॉक्टर होते. इथल्या कोळसापट्ट्यात डॉक्टर टिकत नव्हते, तेव्हा भारतातून जे अनेक डॉक्टर आले आणि इथलेच झाले, त्यांपैकी ते एक. खाणीतून आयुष्यभर धूळ छातीत भरून आलेल्या माणसांना तपासण्यात त्यांची सगळी वर्षं गेली. ते गेल्यावर मुलं म्हणाली, आता न्यू जर्सीला ये. मी गेले नाही. हे माझं गाव आहे आणि गावातली रहिवासी, करदाती आणि मतदार म्हणून हे पत्र लिहिते आहे.

विषय एका ओळीचा आहे. शिकागो ते न्यूयॉर्क धावणारी ‘कार्डिनल’ ही प्रवासी गाडी आमच्या डोंगरांतून आठवड्यातून फक्त तीन दिवस जाते. १९८२ पासून असंच चालू आहे. ती रोज धावायला हवी.

पत्र मराठीत का, हे आधी सांगते. याची इंग्रजी प्रत आमच्या प्रतिनिधींकडे रीतसर गेली आहे. पण वेस्ट व्हर्जिनियाला आता प्रतिनिधीगृहात दोनच जागा उरल्या आहेत. आमचा आवाज तिथे किती पोहोचणार? या गाडीच्या वाटेवर मात्र शिकागो आहे, इंडियानापोलिस आहे, सिनसिनाटी आहे, पुढे वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क आहे. या सगळ्या शहरांत मराठी घरं आहेत, शाळा-मंडळं आहेत, नागरिकत्व घेऊन मत देणारी दुसरी पिढी आहे. तेही तुमचेच मतदार आहेत. ही गाडी त्यांच्या शहरांतून निघते आणि मधली गावं त्यांना फारशी माहीत नाहीत. म्हणून पत्र तुम्हाला आहे, आणि वाचायला त्यांनाही आहे.

आमचं गाव रेल्वेनेच वसवलं. चेसापीक अँड ओहायो कंपनीचा मार्ग व्हर्जिनियाकडून आणि ओहायो नदीकडून असा दोन्ही बाजूंनी बांधत आणला आणि २९ जानेवारी १८७३ रोजी हॉक्स नेस्टजवळ जोडला. हिंटनला इंजिनं बदलायची, गाडीवरची माणसं बदलायची, कोळसा-पाणी भरलं जायचं. पूर्वेकडे घाट चढणाऱ्या गाड्यांना इथे जादा इंजिन जोडलं जायचं. १९३० च्या सुमारास गावात सहा हजारांवर माणसं होती, ती या कामावर. पन्नाशीच्या दशकात वाफेची इंजिनं गेली, डिझेलला एवढी उठबस लागेना आणि गावाची माणसं पोट भरायला बाहेर पडली. बुरुजांचं लाल विटांचं कोर्ट, १९२९ चं रिट्झ थिएटर, उतारावरून रुळांकडे उतरणाऱ्या गल्ल्या, हे सगळं अजून जागेवर आहे. ऑक्टोबरात रेल्वेचा उत्सव भरतो, तेव्हा त्या गल्ल्यांतून चालायला वाट मिळत नाही. एरवी दुकानांच्या काचांमागे रिकाम्या फळ्या दिसतात.

आणि गाड्या मात्र दिवसरात्र जातात. कोळशाच्या. शंभर-शंभर वाघिणींच्या मालगाड्या घराच्या खिडक्या हलवत जातात. बुधवार, गुरुवार, नाताळ, काही बघत नाहीत. रूळ रोज वापरात आहेत, सिग्नल रोज चालू आहेत. माणसांना न्यायची वेळ आली की आठवड्यातले चार दिवस तेच रूळ आमच्यासाठी बंद.

कार्डिनल आमच्याकडे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी येते. पूर्वेकडे जाणारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, पश्चिमेकडे जाणारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला. तिकिटाची खिडकी नाही, स्टेशनात रेल्वेचा माणूस नाही. गाडी थांबते, कंडक्टर पिवळी पायरी खाली फलाटावर ठेवतो, चढणाऱ्याचं कोपर धरतो, नाव विचारतो. उतरणाऱ्यांत सुट्टीवर आलेली कॉलेजची मुलं असतात, काठी टेकत येणारे आजी-आजोबा असतात, जुन्या धार्मिक रीतीने राहणारी, विमानाने न जाणारी आमिश कुटुंबं असतात, काळ्या टोप्या आणि पांढऱ्या बॉनेटमधली. ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा आता चालवू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय, अशांचा हा आधार आहे. डोंगरातली मोटाररस्त्याची गोष्ट तुम्हाला वॉशिंग्टनमध्ये बसून नीट कळणार नाही. बेकली शहराकडून आमच्याकडे येताना इंटरस्टेट ६४ हा महामार्ग सँडस्टोन डोंगर उतरतो, तो उतार सात टक्क्यांचा आहे आणि मैलोन्‌मैल तसाच आहे. धुक्यात, बर्फात, मागे ट्रक लागलेला असताना सत्तरीच्या बाईने तो उतरायचा, हे मी करते. करावं लागू नये असं माझं म्हणणं आहे.

आता तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली. तीन दिवसांच्या गाडीने कुठेही वेळेवर जाता येत नाही. आमच्या भागातल्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला जावं लागतं. समजा, मंगळवारी सकाळची वेळ मिळाली. सोमवारी गाडी नाही, म्हणून रविवारी निघायचं. दुपारी उशिरा पोहोचायचं. मंगळवारी डॉक्टरांना अर्धा तास भेटायचं. परतीची गाडी बुधवारी. तीन रात्रींचं हॉटेल, अर्ध्या तासासाठी. बरं, वेळ बुधवारचीच मिळाली तर? आमची सकाळची गाडी तिथे दुपारी तीननंतर पोहोचते आणि परतीची त्याआधीच सुटलेली असते. म्हणजे शुक्रवारपर्यंत मुक्काम. केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीला जाणाऱ्या म्हातारीला हा हिशेब करायला सांगून बघा. मग ती माणसं शेजाऱ्याला गाडी चालवायची गळ घालतात, नाहीतर जातच नाहीत. माझ्या यजमानांचे रुग्ण जातच नसत. ते म्हणायचे, औषध लिहून देणं माझ्या हातात आहे, गाडीचा वार माझ्या हातात नाही.

आमच्या पूर्वेच्या ऑल्डरसन गावाचंही असंच. तिथे १९२७ पासून स्त्रियांचा केंद्रीय तुरुंग आहे, स्त्रियांसाठीचा देशातला पहिला केंद्रीय तुरुंग. गाडी तिथे थांबते. आत असलेल्या आईला भेटायला लांबच्या शहरातून येणारी मुलगी शुक्रवारी आली तर रविवारशिवाय परतू शकत नाही. तिच्या हातात दोन रात्रींच्या खोलीचे पैसे असतीलच असं नाही.

दुसरी तक्रार. हा अन्याय सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. १९८१ च्या १ ऑक्टोबरला ही गाडी बंद केली गेली. आमचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी ती पुन्हा मिळवली आणि ८ जानेवारी १९८२ रोजी ती परत आली, पण आठवड्यातून तीन दिवस. त्या वेळी लोकांना वाटलं, सुरुवात तर झाली, रोजची होईल. २०२० च्या महासाथीत देशातल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या तीन दिवसांवर आल्या. तेव्हा केवढा ओरडा झाला! गावं तुटतील, प्रवासी जातील, अर्थव्यवस्था बसेल, हे तुमच्याच सभागृहात बोललं गेलं आणि ते अगदी खरं होतं. तुम्ही पैसे मंजूर केलेत आणि २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या गाड्या पुन्हा रोज धावू लागल्या. कार्डिनल आणि न्यू ऑर्लिन्स-लॉस एंजेलिसची सनसेट लिमिटेड, या दोन गाड्या मात्र तीन दिवसांवरच ठेवल्या. इतरांना काही महिने जे सहन झालं नाही ते आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ सहन करतो आहोत. त्यांच्यासाठी जो युक्तिवाद खरा होता तो आमच्यासाठी खोटा कसा ठरतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तिसरी तक्रार राष्ट्रीय उद्यानाची आहे आणि ती मला जरा सविस्तर सांगू द्या. डिसेंबर २०२० मध्ये तुम्हीच कायदा करून न्यू रिव्हर गॉर्जला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिलात. आम्हाला आनंद झाला. आता वर्षाला पंधरा लाखांहून अधिक माणसं तिथे येतात, जवळजवळ सगळी मोटारींनी. अरुंद दरीत रस्ते अरुंद, वाहनतळ त्याहून लहान. आणि याच दरीतून, नदीला चिकटून, दीडशे वर्षांचा रेल्वेमार्ग जातो. त्यावर तीन स्टेशनं आहेत: हिंटन, प्रिन्स आणि थर्मंड. नवीन काही बांधायचं नाही. रूळ आहेत, फलाट आहेत, गाडीसुद्धा आहे. फक्त ती रोज येत नाही.

थर्मंड पाहिलंय का आपण? पाहिलं नसेल तर जरूर पाहा. कोळशाच्या भरभराटीत हे देशातलं एक गजबजलेलं मालस्टेशन होतं. गावाला मुख्य रस्ता असा कधी नव्हताच. दरीत तेवढी जागाच नाही. बँक, हॉटेल, दुकानं सगळ्यांची दारं सरळ रुळांकडे उघडायची. बायका किराणा घेऊन दुकानाबाहेर पडल्या की समोर इंजिन. आज त्या दगडी-विटांच्या इमारती तशाच ओळीने उभ्या आहेत, पलीकडे इंजिनांत कोळसा भरायचा काँक्रीटचा उंच मनोरा उभा आहे, आणि २०२० च्या जनगणनेत गावात पाच माणसं होती. पाच. नदी ओलांडून यायला रेल्वेच्याच पुलाला जोडलेली एकपदरी वाट आहे. समोरून मोटार आली तर थांबून राहायचं. जुनं स्टेशन उद्यान खात्याने १९९५ मध्ये दुरुस्त करून पर्यटक केंद्र केलं. म्हणजे एका राष्ट्रीय उद्यानाचं स्वागतकेंद्रच एका चालू रेल्वे स्टेशनात आहे. अशी सोय देशात किती ठिकाणी मिळेल? तरी वॉशिंग्टनहून शनिवारी सकाळी निघून इथे येऊ म्हणणाऱ्याला शनिवारी गाडी नाही.

प्रिन्सचं स्टेशन १९४६ चं. बाहेरून साध्या सरळ रेषांचं, आत शिरलं की उंच छत आणि मोठ्या काचांतून आलेला उजेड. जमिनीच्या गुळगुळीत टेराझोत झोपलेलं मांजराचं पिल्लू जडवलं आहे, रेल्वे कंपनीचं ‘चेसी’. रात्रीच्या गाडीत तुम्हाला अशीच शांत झोप लागेल, अशी कंपनीची जाहिरात असायची. माझ्या नातीला तिथे नेलं तेव्हा ती बुटं काढून त्या मांजराच्या कडेने चालली, त्यावर पाय पडू नये म्हणून. महायुद्ध संपता संपता एका खेड्यातल्या स्टेशनासाठी कंपनीने एवढा जीव ओतला, कारण प्रवासी रोज येणार याची त्यांना खात्री होती.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून मांडावी की नाही, याचा मी विचार केला. मांडते. हिंटनच्या पूर्वेला टालकॉटजवळ ग्रीनब्रायर नदी डोंगराला मोठा वळसा घालते. तो वळसा टाळायला १८७० ते १८७२ या काळात डोंगरच फोडून एक मैलाहून लांब बोगदा काढला, बिग बेंड बोगदा. फोडणारे बहुतेक कृष्णवर्णीय मजूर होते, गुलामगिरी संपून पाच-सात वर्षंच झाली होती. एकजण पोलादी पहार धरून फिरवायचा, दुसरा घण घालायचा. इथला तांबडा शेल खडक हवा लागली की सुटतो आणि छतावरून कोसळतो. त्याखाली किती गेले याची कुणी नीट नोंद ठेवली नाही. वाफेच्या यंत्राशी शर्यत लावून जिंकलेला आणि त्यातच मेलेला लोकगीतांतला जॉन हेन्री याच बोगद्यातला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. काही इतिहासकार त्याला व्हर्जिनियातल्या लुइस बोगद्यात नेतात. तो वाद त्यांनी घालावा. टालकॉटला १९७२ मध्ये लोकांनी त्याचा पुतळा उभारला, हातात घण घेतलेला. मराठी वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल: खंडाळ्याच्या घाटात १८६३ मध्ये गाडी सुरू झाली, ती हजारो मजुरांच्या मरणावर, आणि त्यांची नावंही कुठे नाहीत. ज्या माणसांनी या डोंगरातून वाट काढली त्यांची नातवंडं-पतवंडं आजही या पट्ट्यात राहतात. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेल्या मार्गावरून कोळसा रोज जातो. त्यांनाही रोज जाता यावं, एवढीच ही तक्रार.

पाचवी गोष्ट थेट तुमच्याशी, काँग्रेसशी, संबंधित आहे.

हिंटनच्या पूर्वेला, व्हर्जिनियाच्या सीमेजवळ, व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज आहे. गंधकाच्या झऱ्याच्या पाण्यासाठी १७७८ पासून लोक तिथे येत आले. सांधे धरलेले, पोट बिघडलेले, आणि नंतर नुसतेच हवापालटाला आलेले श्रीमंत. पांढऱ्या खांबांचा घुमटाकार मंडप अजून झऱ्यावर आहे. १९१० मध्ये रेल्वे कंपनीनेच तो सगळा परिसर विकत घेतला आणि १९१३ मध्ये मोठं हॉटेल उघडलं, ग्रीनब्रायर. हॉटेलच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे स्टेशन. वॉशिंग्टनमध्ये रात्री झोपायचं आणि सकाळी झऱ्यावर उतरायचं. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा जर्मनी, जपान, इटलीच्या राजदूतावासातल्या माणसांना सरकारने इथेच नजरकैदेत ठेवलं. पुढे तिथे लष्करी दवाखाना झाला आणि हजारो जखमी सैनिक बरे होऊन गेले. देशाला गरज पडली की ही डोंगरातली जागा आणि तिच्यापर्यंत जाणारी गाडी उपयोगी पडत गेली.

आणि मग तुमची पाळी आली. अणुयुद्ध झालं तर काँग्रेसने कुठे जायचं? पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी या हॉटेलच्या नव्या इमारतीखाली डोंगराच्या पोटात तुमच्यासाठी भुयारी निवारा बांधायला घेतला. पंचवीस टनांचं पोलादी दार. हजाराहून अधिक माणसांसाठी एकावर एक पलंग. प्रतिनिधीगृहाला बसायला एक सभागृह, सिनेटला दुसरं. दूरदर्शन संच दुरुस्त करणारे म्हणून वावरणारी माणसं प्रत्यक्षात तो निवारा सज्ज ठेवत होती. गावात बांधकामावर गेलेल्यांना, एवढं काँक्रीट कुठे मुरतंय हे दिसत होतंच. कुणी बोललं नाही. तीस वर्षं गाव गप्प राहिलं. ३१ मे १९९२ रोजी वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात बातमी आली, तेव्हा जगाला कळलं. आज तिथे मार्गदर्शक पर्यटकांना त्या दारातून आत नेतात आणि तुमच्या आधीच्या सदस्यांच्या रिकाम्या खुर्च्या दाखवतात.

मी ती जागा पाहिली आहे. पलंगांच्या रांगांसमोर उभं राहून माझ्या मनात एकच आलं: जगबुडी आली तर यांना इथे पोहोचायचं होतं. आमच्यावर एवढा विश्वास होता. मग साध्या दिवसांत, साध्या कामांसाठी, त्याच वाटेने आम्हाला तुमच्याकडे यायचं तर आठवड्यातून तीनच दिवस का? व्हाइट सल्फर स्प्रिंग्जवर जून २०१६ च्या पुरात काय ओढवलं ते तुम्हाला आठवत असेल. घरंच्या घरं वाहून गेली, माणसं गेली. तेव्हा भेटीला आलेल्या प्रत्येक नेत्याने, आम्ही तुम्हाला विसरणार नाही, असं म्हटलं होतं.

सहावी आणि शेवटची तक्रार कागदांची आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात तुम्ही रेल्वेसाठी ६६ अब्ज डॉलर मंजूर केलेत. लांब पल्ल्याच्या गाड्या रोज चालवण्याचा अभ्यास करायलाही त्याच कायद्याने सांगितलंत. डिसेंबर २०२३ मध्ये कार्डिनल रोज करण्याचा आराखडा आखायला पाच लाख डॉलर ठरले. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण अभ्यासाने गाडी येत नाही. आराखडा कधी पुरा होणार, त्यावर निर्णय कोण घेणार, पैसे कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येणार, याची तारीख आम्हाला कुणी दिलेली नाही.

आता तुमच्या बाजूने जे सांगितलं जातं त्याबद्दल. प्रवासी कमी आहेत, असं म्हणतात. आठवड्यातले चार दिवस उघडणारच नाही अशा दुकानाचं गिऱ्हाईक मोजून, हे दुकान चालत नाही, असा निष्कर्ष काढण्यासारखं हे आहे. ज्याला ठरलेल्या दिवशी पोहोचायचं आहे तो आठवड्यातून तीनदाच येणाऱ्या गाडीकडे बघतच नाही, तो मोजणीत येणार कसा? उलट स्टेशनांचा, देखभालीचा, बुकिंगच्या यंत्रणेचा बराचसा खर्च गाडी तीन दिवस धावो की सात दिवस, करावाच लागतो. गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना परतीच्या फेरीची वाट पाहत बाहेरगावी मुक्काम करावा लागतो, त्याचाही भत्ता पडतोच. जादा डबे आणि इंजिनं लागतील, हे मला मान्य आहे. व्हर्जिनियात क्लिफ्टन फोर्जच्या पुढे मार्ग एका छोट्या कंपनीच्या ताब्यात आहे, एकेरी आहे, तिथे गाड्या ओलांडायला जागा वाढवावी लागेल, हेही मान्य. पण या अडचणी पैशाने आणि वेळापत्रकाने सुटणाऱ्या आहेत. डोंगर फोडण्याचं अवघड काम दीडशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे.

मालगाड्यांच्या मालक कंपन्यांचं काय, असाही प्रश्न येतो. प्रवासी गाडीला मालगाडीच्या आधी वाट द्यावी, हा कायदा १९७३ पासून आहे. तो तुम्हीच केलेला आहे. तो पाळला जातो की नाही हे बघणंही तुमच्याच हातात आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. कार्डिनल रोज चालवण्यासाठी लागणारा निधी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे मंजूर करावा आणि रोजची सेवा सुरू होण्याची तारीख त्यातच लिहावी.

२. रोजच्या कार्डिनलचा आराखडा आज ज्या टप्प्यावर आहे तो टप्पा जाहीर करावा. सुनावण्या राज्याची राजधानी चार्ल्सटन किंवा वॉशिंग्टनमध्येच उरकू नयेत. हिंटन, ऑल्डरसन, व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज आणि क्लिफ्टन फोर्जलाही घ्याव्यात, आणि गाडी येते त्या वारी घ्याव्यात.

३. रोजची गाडी सुरू होईपर्यंत उरलेल्या चार दिवशी याच वाटेने, याच स्टेशनांवर थांबणारी, गाडीच्या तिकिटावर चालणारी जोडबस द्यावी.

४. गाडीच्या वेळेला स्टेशनातली प्रतीक्षाकक्षं उघडी, उबदार आणि स्वच्छ असावीत. हिवाळ्यात गाडीला उशीर झाला तर म्हाताऱ्या माणसाला फलाटावर उभं राहायला लागू नये. यासाठी नगरपालिकांना देखभालीचं अनुदान द्यावं; माणूस आम्ही गावातलाच देऊ.

५. राष्ट्रीय उद्यान खातं आणि रेल्वे यांनी एकत्र बसून थर्मंड आणि प्रिन्सहून दरीत नेणाऱ्या छोट्या बसची सोय करावी, म्हणजे गाडीने आलेल्या माणसाला मोटार भाड्याने घ्यावी लागणार नाही. या स्टेशनांवर मोटार भाड्याने मिळतही नाही.

६. प्रवासी गाडीला प्राधान्य देण्याच्या कायद्याची अंमलबजावणी या मार्गावर कशी होते, याचा अहवाल दरवर्षी सभागृहासमोर ठेवावा.

यात एकही मागणी नवा मार्ग टाकायची नाही, नवं स्टेशन बांधायची नाही.

आणि वाटेवरच्या शहरांतल्या मराठी मंडळींना एक विनंती. तुम्ही शेनन्डोआला जाता, ग्रँड कॅन्यनला जाता, आईवडील भारतातून आले की त्यांना नायगारा दाखवता. एकदा त्यांना या गाडीत बसवा. साठी-सत्तरीतल्या माणसांना सहा-सात तास मोटारीत कोंबून नेण्यापेक्षा हे सुखाचं आहे. खिडकीतून ब्लू रिज डोंगर येतात, मग ॲलेगेनी, मग नदी. वॉशिंग्टनहून सकाळी अकराला निघालेली गाडी उन्हं उतरताना आमच्या दरीत शिरते. ऑक्टोबरात आलात तर मेपलची पानं लाल-पिवळी झालेली असतात आणि आपल्याकडच्या माणसांना असे रंग पाहायची सवय नसते, ते बोलायचे थांबतात. तर या, आणि परत गेल्यावर आपल्या प्रतिनिधीला दोन ओळी लिहा: आम्ही या गाडीने गेलो, आम्हाला शनिवारी जायचं होतं, शनिवारी गाडी नव्हती. इलिनॉय, ओहायो, न्यू जर्सीच्या मतदाराने लिहिलेल्या या दोन ओळींना आमच्या दहा पत्रांपेक्षा अधिक वजन येईल.

सन्माननीय सदस्यहो, या पत्राला छापील पोचपावती आली तर मला समाधान होणार नाही. वर सहा मागण्या आहेत. प्रत्येकीपुढे हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण, एवढं लेखी हवं आहे. आलेलं उत्तर मी हिंटनच्या वाचनालयात सगळ्यांना वाचता येईल असं लावणार आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
हिंटनची एक रहिवासी
समर्स काउंटी, वेस्ट व्हर्जिनिया